चुकीच्या उत्तरांच्या बाई

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर लर्निंग डिझायनर' असा हुद्दा छापलेला आहे. डिझायनर या शब्दामुळे माझ्या सासूबाई अजूनही शेजारणींना सांगतात, की जावई नागपूरच्या मिहानमध्ये कपड्यांच्या कंपनीत आहे. मी एकदोनदा दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. पण मी नेमकं काय करतो हे सांगायला लागलो की समोरच्या माणसाचे डोळे हळूहळू मिटायला लागतात, म्हणून नाद सोडला.

बाई आमच्या ऑफिसात आल्या त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना ते कार्ड दिलं. त्यांनी ते आधी दूर धरून वाचलं, मग नाकाजवळ नेऊन वाचलं.

"म्हणजे तू शिकवत नाई," त्या म्हणाल्या.

"शिकवण्याचा आराखडा तयार करतो, बाई."

"कोणासाठी?"

"लर्नरसाठी."

"त्याले कधी भेटला का?"

मी हसलो. हसून वेळ मारून नेणं हे माझ्या कामातलं सगळ्यात पक्कं कौशल्य. पण बाई हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. मी हसणं थांबवेपर्यंत त्या वाट पाहत राहिल्या, आणि थांबल्यावर पुन्हा म्हणाल्या, "भेटला का?"

वय सहासष्ट. इतवारीतल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अंगावर सुती साडी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, पाठीवर शाळकरी पोरांची असते तसली सॅक. आमच्या ऑफिसात सगळ्यांना चाकांच्या खुर्च्या होत्या. बाईंनी पहिल्या दिवशीच पँट्रीतून एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली. "मी विचार करायला बसली, अन् खुर्ची चालायला लागली, तं मले नाई जमत," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

कंपनीनं त्यांना विषयतज्ज्ञ म्हणून घेतलं होतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका सूतगिरणीनं तिथल्या कामगार बायांसाठी आमच्याकडून हिशेबाचा ऑनलाइन कोर्स मागितला होता. टक्केवारी, वेळ, मोजमाप असं रोजच्या कामात लागणारं गणित. कोर्स पुरा करेल तिला लाइन सुपरवायझर व्हायची संधी. आणि कोर्स साधासुधा नाही, माणूस पाहून वळणारा. कामगार बाईनं बरोबर उत्तर दिलं तर ती पुढच्या धड्यावर जाणार. चुकली तर कोणतं चुकीचं उत्तर निवडलं ते पाहून कॉम्प्युटर तिला त्या चुकीवरच्या धड्याकडे वळवणार. तिथून पुन्हा त्याच प्रश्नाकडे. प्रत्येकीची वाट निराळी. हे मी मीटिंगमध्ये समजावून सांगायचो तेव्हा हातानं हवेत फांद्या काढायचो. त्या फांद्यांबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

अशा कोर्समध्ये बरोबर उत्तर सोपं. ते एकच असतं आणि कोणीही काढतं. खरं काम चुकीच्या पर्यायांचं, कारण माणूस कुठं वळणार ते त्यांच्यावर ठरतं. एका प्रश्नाला तीन. दोनशे चाळीस प्रश्नांना सातशे वीस चुकीची उत्तरं. ती लिहिण्याचं काम बाईंचं.

आणि बाईंची अट अशी, की जी चूक कोणा खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकली नाही, ती लिहायची नाही.

"मनानं चूक काढता येत नाई," त्या म्हणायच्या. "माणूस लागते."

त्यांच्या सॅकमध्ये दोनशे पानी वह्या असायच्या. तीस वर्षांत पोरांनी केलेल्या चुका, प्रत्येकीपुढे नाव, वर्ग आणि कारण. बरोबर उत्तरांत बाईंना काडीचा रस नव्हता. कोणी बरोबर उत्तर दिलं की त्या "हं" म्हणून दुसरीकडे पाहायच्या. चुकलं, की चेहरा उजळायचा, पेनाचं टोपण निघायचं आणि त्या विचारायच्या, "काहून?"

नागपुरात 'का'साठीचा 'काहून' हा शब्द बहुतेकांच्या तोंडी धमकीसारखा येतो. काहून बे, म्हटलं की समोरचा बाह्या सरसावतो. बाईंच्या तोंडी तो निव्वळ प्रश्न होता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं.

वहीची सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. सहावीतली एक मुलगी वर्षभर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहायची. बाईंनी समजावलं, फळ्यावर दहादा करून दाखवलं, छड्याही मारल्या. पोरगी पुन्हा दोन पंचमांश. एक दिवस बाईंनी वैतागून विचारलं, काहून गं असं लिहितेस? पोरगी म्हणाली, "बाई, माह्या डब्यात दोन लाडू, एक खाल्ला. बहिणीच्या डब्यात तीन, एक खाल्ला. पाचातले दोन गेले."

"सांग आता," बाई मला म्हणाल्या. "खोटं बोलून राहिली होती का ते पोट्टी? तिचा हिशेब एकदम खरा. फक्त तो माह्या प्रश्नाचा नव्हता. अन् मी तिले छड्या मारल्या. वर्षभर!"

त्या बराच वेळ डब्यातल्या भाजीकडे पाहत बसल्या. मी "फारच इंटरेस्टिंग" असं काहीतरी म्हणालो आणि त्या गोष्टीचा पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये उपयोग करायचं ठरवलं. केलासुद्धा. बाईंचं नाव न घेता.

घरून मेट्रोनं येताना बाई रोज दोन प्रश्न घेऊन निघायच्या आणि डब्यातल्या प्रवाशांना विचारायच्या. बहुतेकांना वाटायचं सर्व्हे आहे, काही जण उठून दुसऱ्या दाराशी जाऊन उभे राहायचे. आमच्या गेटवरच्या सिक्युरिटी गार्डनं तर महिनाभर त्यांना आत सोडताना पाठ फिरवून उभं राहायची पद्धत पाडली होती. एकदा पुण्याहून आमचे डायरेक्टर साहेब व्हिडिओ कॉलवर होते. कामाचा वेग का कमी आहे हे ते बाईंना अतिशय नम्रपणे विचारत होते. बाईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, पाव भागिले अर्धा किती?"

"एक अष्टमांश," साहेब म्हणाले. त्यांना 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती.

"वा!" बाईंनी टोपण काढलं. "काहून?"

साहेबांनी कारण सांगायचा प्रयत्न केला, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की आपण भागाकाराऐवजी गुणाकार केला. बाईंनी ते सगळं उतरवून घेतलं, पुढे साहेबांचं नाव लिहिलं, आणि वर्गाच्या जागी 'डायरेक्टर' असं लिहिलं. त्यानंतर साहेब मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून यायला लागले.

या सगळ्यात आठवड्याला दहा-अकरा प्रश्न व्हायचे. मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'तज्ज्ञांचा सहभाग उत्तम, मात्र गतीबाबत चिंता.' ही ओळ लिहिताना मला स्वतःच्या समतोलपणाचं कौतुक वाटलं होतं.

मग गिरणीनं तारीख अलीकडे आणली. कोर्स पंधरा दिवसांत चाळीस बायांवर चालवून पाहायचा ठरला. बाईंचे प्रश्न झाले होते एकाहत्तर. राहिले होते एकशे एकोणसत्तर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाई भाचीच्या लग्नासाठी चार दिवस वर्ध्याला गेल्या.

राहिलेल्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय मी अडीच दिवसांत लिहिले. पद्धत सोपी होती. एक पर्याय बरोबर उत्तरात थोडं मिळवून, एक थोडं वजा करून किंवा काहीतरी भागून, आणि काही सुचलंच नाही तर प्रश्नातलाच एक आकडा उचलून. प्रत्येक चुकीपुढे ती चूक काय सांगते तेही लिहावं लागतं. ते मी मानसशास्त्रात एम.ए. असल्याच्या आत्मविश्वासानं लिहिलं. 'घाई.' 'संकल्पना अस्पष्ट.' जिथं प्रश्नातलाच आकडा उचलला होता तिथं लिहिलं, 'प्रश्न वाचलेला नाही, अंकओळख नसण्याची शक्यता,' आणि त्या वाटेवर अंकओळखीचा धडा ठेवून दिला. त्या धड्यात एक ते शंभर आकडे म्हणणारा एक पोपट होता. पोपट माझी कल्पना.

शेवटचा कॉलम होता, 'विषयतज्ज्ञांनी तपासले'. तिथं बाईंच्या नावापुढे खूण हवी, त्याशिवाय फाइल पुढे जात नाही. मी वरच्या चौकोनात एक खूण केली आणि कॉलम खाली ओढला. बाकीच्या एकशे अडुसष्ट खुणा आपोआप आल्या. पूर्वी पाप करायला निदान काही कष्ट तरी पडत असतील.

बाई लग्नाहून आल्या. माझ्या टेबलावर चिवड्याची पुडी ठेवली आणि विचारलं, "राहिलेले प्रश्न?"

"टीमनं केले."

टीममध्ये मी होतो.

"टीमले कोण भेटलं?"

"बाई, सगळं डेटावर आधारित आहे."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी चिवड्याची तारीफ केली.

कोर्स सुरू झाला. माझ्या स्क्रीनवर चाळीस ठिपके आले, एकेका बाईचा एकेक. हळूहळू ते हिरवे होऊन पुढे सरकायला लागले. एक ठिपका मात्र आठवडाभर लाल होऊन एकाच जागी. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, की तो लाल ठिपका म्हणजेच आपल्या यंत्रणेचं यश. कोण मागे आहे हे ती नेमकं ओळखते. सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या अधिकारी मॅडमचा फोन आला. जरा येऊन जा, आणि तुमच्या तज्ज्ञ बाईंनाही आणा.

बुटीबोरीला गिरणीच्या कँटीनला लागून एक ट्रेनिंगची खोली होती. अधिकारी मॅडम तिशीतल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांच्याशेजारी एक बाई उभी होती. चाळिशीची, डोक्याला रुमाल, रुमालाबाहेरच्या केसांवर कापसाची लव. तिचं नाव प्रमिला. तो लाल ठिपका ती होती.

"ही बारा वर्षं सूत कातायच्या रिंग मशीनवर आहे," मॅडम म्हणाल्या. "अख्ख्या लाइनची नोंद हिच्या डोक्यात असते. सुपरवायझर करायची म्हणून हिला आम्हीच आग्रह करून कोर्सला बसवलं. आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, हिला अंकओळखसुद्धा नाही. आता मी हिचं नाव वर कसं पाठवू?"

प्रमिला जमिनीकडे पाहत होती. बाई उठल्या, तिच्याजवळची खुर्ची ओढून बसल्या आणि तिलाही बसवलं.

"कोणता प्रश्न गं माय?"

प्रमिलानं टॅबलेट पुढे केला. 'एका बॉबिनवर सूत भरायला दोन तास लागतात. दहा बॉबिन भरायला किती तास लागतील?' पर्याय : वीस, बारा, पाच, दोन. प्रश्न माझा. गिरणीतलं वातावरण यावं म्हणून बॉबिन हा शब्द मी मुद्दाम घातला होता, आणि तो घातल्यावर उठून एक फेरी मारून चहा पिऊन आलो होतो, इतकं समाधान वाटलं होतं.

"तू काय दाबलं?"

"दोन."

"किती वेळा?"

"अकरा. दोन दाबलं की तो पोपट येते. तो झाला की पुन्हा हाच प्रश्न. पोपट पाठ झाला आता मले."

बाईंनी वही काढली नाही. नुसत्या पुढे वाकल्या. "काहून वं दोन?"

प्रमिलानं पहिल्यांदा मान वर केली. "बाई, मशीनवर साऱ्या बॉबिन एकाच वेळी भरतात. दहा असो का हजार असो. दोन तासांत साऱ्याच भरतात. बारा वर्षं झाली, मीच काढून राहिली त्या."

पलीकडे कँटीनमध्ये ताटं आपटल्याचा आवाज येत होता.

"मग ह्या बाकीच्या बायांनी काय दाबलं?" बाईंनी विचारलं.

"वीस. त्या म्हणे, त्या डब्याले वीसच पायजे, दाब अन् मोकळी हो."

"मग तू नाई दाबलं ते?"

"कशी दाबू? वीस तास लागले असते तं मिल बंद नसती पडली? अन् उद्या मी सुपरवायझर झाली अन् नव्या पोरींले सांगितलं का वीस तास लागते, तं हसतीन मले." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "माह्या पोरीनं पाहिलं घरी. म्हणे, आई, तुले एक-दोन येत नाई म्हणून सांगून राहिला हा पोपट."

मला कुठं तरी पाहायला हवं होतं. कोपऱ्यात पाण्याचं फिल्टर होतं, ते मी अत्यंत लक्षपूर्वक पाहिलं.

अधिकारी मॅडमनी कागद पुढे केला. "प्रत्येक प्रश्न तज्ज्ञांनी तपासला असं यात आहे. बाई, यावर तुमचं नाव आहे. तपासला होतात, तर हे सुटलं कसं?"

बाईंनी कागद दूर धरला, मग जवळ धरला. वाचायला जितका वेळ लागेल त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी घेतला. मला कळत होतं, की तो वेळ माझ्यासाठी आहे. मी बोलायला तोंड उघडलं, आणि फिल्टरचं पाणी प्यायलो.

"हाव," बाई म्हणाल्या. "नाव माहंच आहे. मी पाहते."

परतताना वर्धा रोडवर गाडीत बऱ्याच वेळानं बाईंनी सॅक उघडली. वही काढली, कोरं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं.

"खूण तू केली."

"हो, बाई."

"काहून?"

"तारीख अलीकडे आली होती. वेळ नव्हता."

त्यांनी लिहून घेतलं. "अन्?"

"तुम्ही लग्नाला गेला होतात."

तेही लिहिलं. "अन्?"

"साहेब मागे लागले होते."

"अन्?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं, भांडता येतं, निदान गप्प बसता येतं. त्या नुसत्या विचारत होत्या. एक कारण संपलं की त्याखालचं दुसरं काढत होत्या. माझ्याकडची दाखवण्याजोगी कारणं वाटेतलं खापरी यायच्या आधीच संपली.

"मला वाटलं, कोणाला कळणार नाही."

"अन्?"

"मला वाटलं… चुकीची उत्तरं कोण वाचतं, बाई? जे हुशार असतात ते बरोबर उत्तर निवडतात. बाकीच्यांना काय, कुठलाही धडा दिला तरी…"

मी तिथं थांबलो. हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. पण त्यावर माझा पगार चालला होता.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि वही मिटली.

"तुम्ही रागावलात?"

"नाई. मले वाईट वाटून राहिलं. रागावली असती तं उतरून गेली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना मेल लिहिला. आधी बाईंना दाखवला. इंग्रजीत होता, तीन परिच्छेद, त्यात 'प्रक्रियेतील त्रुटी' होती, 'वेळेचं आव्हान' होतं, आणि 'तपासणी राहून गेली' असं एक वाक्य होतं.

"राहून गेली?" बाईंनी विचारलं. "कोणी राहू दिली?"

मी ते बदललं. 'आमच्याकडून राहून गेली.'

"आमच्यात मी आहे का?"

मी पुन्हा बदललं. असं करत करत दुपारपर्यंत मेल दोन ओळींचा झाला, आणि मराठीत आला. 'एकशे एकोणसत्तर प्रश्नांचे पर्याय मी मनानं लिहिले आणि बाईंच्या नावानं खूण मी केली. त्यांनी ते पाहिलेले नाहीत.' हीच दोन वाक्यं मी अधिकारी मॅडमनाही पाठवली. मी पाठवायचं बटण दाबलं तेव्हा शेजारी बसून बाई शांतपणे भाकरीबरोबर झुणका खात होत्या.

साहेबांनी त्या दिवशी कॅमेरा सुरू करून फोन केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. कोर्स मागे घेतला. माझं प्रमोशन जवळजवळ ठरलं होतं, ते वर्षभर पुढे ढकललं गेलं. गिरणीनं दीड महिन्याची मुदत दिली, अधिकारी मॅडमच्या शब्दांत, "फक्त तुमच्या त्या बाईंकडे पाहून."

दीड महिना बाई आणि मी रोज दुपारी पाळी सुटायच्या वेळी त्या कँटीनमध्ये जाऊन बसलो. मी पहिल्या दिवशी एका बाईला प्रश्न विचारला, तिनं उत्तर चुकवलं, आणि मी बाईंसारखाच म्हणालो, "काहून?"

"काहून म्हणजे?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुले काय करायचं आहे?"

"तू पोलिसासारखा विचारते गा," बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुले कारण माहीत आहे अन् तिच्याकडून कबूल करून घ्यायचं आहे, असं वाटते. तुले माहीत नाई, हे आधी तुह्या तोंडावर दिसू दे."

माझ्या तोंडावर ते दिसायला दोन आठवडे लागले. सीनियर लर्निंग डिझायनरच्या चेहऱ्यावर अज्ञान उमटायला जागाच नसते. पण एकदा उमटलं, आणि बाया बोलायला लागल्या. टक्क्यांचा हिशेब त्या कसा करतात, पावणेआठला काय म्हणतात, कोणतं मोजमाप डोळ्यानं आणि कोणतं बोटांनी. माझ्या एकशे एकोणसत्तर प्रश्नांपैकी एकोणीस जेमतेम वाचले. बाकीचे नव्यानं लिहिले. बॉबिनचा प्रश्न प्रमिलानंच दुरुस्त करून दिला. आमच्या कोडिंगच्या मुलीनं तक्रार केली, की गिरणीतली उदाहरणं फार किचकट झाली आहेत. बाई म्हणाल्या, "गिरणीच किचकट आहे, तिले कोण सोपी करीन?"

प्रमिलानं नवा कोर्स नऊ दिवसांत पुरा केला. महिन्याभरानं ती सुपरवायझर झाली. त्यानंतर एकदा तिनं फोन करून आम्हा दोघांना बोलावलं. बाईंनी रिंग मशीन कधी चालताना पाहिलंच नव्हतं, ते तिला दाखवायचं होतं.

आत पाऊल टाकलं आणि आवाज अंगावर आला. गरम, दमट हवा, हवेत उडणारी लव, आणि लांबच लांब रांगेत शेकडो बॉबिन एकदम फिरत होत्या, सगळ्यांची पोटं एकसारखी भरत होती. प्रमिला पुढे चालत हातवारे करून दाखवत होती. मी भारावून पाहत होतो. बाईंनी माझा दंड धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी म्हणाल्या. एक अक्षर ऐकू आलं नाही. पण अशा प्रसंगी बाई काय म्हणणार, याचा मला आता अंदाज यायला लागला होता. मी समजुतीनं हसलो आणि मान हलवली.

बाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या. मी पुन्हा मान हलवली, या वेळी डोळे जरा ओले करून.

तेवढ्यात प्रमिला दहा-बारा पावलांवरून धावत आली. तिनं बाईंना खांद्याला धरलं, मला अक्षरशः ढकलून बाजूला केलं, आणि त्यांना दाराबाहेर नेलं. मी मागोमाग धावलो. बाहेर झाडाखाली बाकावर तिनं त्यांना बसवलं, पदरानं वारा घातला, एका मुलीला लिंबूपाणी आणायला पिटाळलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"चक्कर येऊन राहिली म्हणे," प्रमिला माझ्याकडे न पाहता म्हणाली. "आत आम्ही कानानं नाई ऐकत, ओठ पाहून ऐकतो. दोनदा सांगितलं त्यांनी तुम्हाले, मले बाहेर ने म्हणून."

बाईंनी डोळे मिटले होते. चेहरा पांढरा पडला होता. लिंबूपाण्याचे दोन घोट गेले, मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुले ऐकू आलं होतं का?"

"नाही, बाई."

"मग मान काहून हलवली?"

माझ्याकडे बरीच कारणं होती. आवाज होता, गर्दी होती, भारावलो होतो. मी एकही सांगितलं नाही. त्यांच्या पायांशी जमिनीवर बसलो, बुटांच्या लेस सैल केल्या आणि विचारलं, "बाई, आता कसं वाटून राहिलं?"

त्या सांगायला लागल्या. सकाळी चहावरच निघाल्याचं, गुडघ्याचं, रात्री झोप न लागण्याचं, आणि घरी हे सगळं सांगायला कोणी नसल्याचं. बराच वेळ सांगत होत्या. मी मान हलवली नाही. ऐकत बसलो.